ब्राउझरमधला हेर आणि घरातला संशय

यंदा जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या चाचींचा फोन आला. "बेटा, जरा येऊन जा, लॅपटॉपचं काहीतरी झालंय." आवाजावरून कळत होतं की काम एकट्या लॅपटॉपचं नाही. गेलो तर लॅपटॉप कपाटात, कपाटाची चावी चाचांच्या खिशात आणि नुकतीच बारावी पास झालेली त्यांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी. रडून झालेलं होतं.

आदल्या रात्री चाचांनी वीजबिल भरायला लॅपटॉप उघडला होता. ब्राउझर सुरू होताच अर्धनग्न बायकांच्या जाहिराती आल्या. त्या बंद केल्या तर स्क्रीनच्या कोपऱ्यातून तसल्याच सूचना एकामागून एक वर येऊ लागल्या. चाचांनी पुढचं काही विचारलंच नाही. "शिकायला घेऊन दिला होता," एवढंच ते मला म्हणाले. कॉलेजप्रवेशाच्या अर्जाची मुदत संपायला पाच दिवस उरले होते.

कपाट उघडून घ्यायला अर्धा तास लागला, दोष सापडायला दहा मिनिटं. महिनाभरापूर्वी तिला मार्कशीट अपलोड करायची होती. पोर्टल म्हणत होतं फाइल मोठी आहे. तिनं पीडीएफ लहान कशी करायची ते शोधलं, सगळ्यात वर जी लिंक आली ती उघडली, 'अ‍ॅड टू क्रोम' दाबलं. मार्कशीट लहान झाली, काम झालं, ती विसरून गेली. ते एक्स्टेन्शन मात्र तिथंच बसून राहिलं. शोधाचं पान त्यानं आपल्या मालकाकडे वळवलं, नव्या टॅबवर जाहिराती लावल्या आणि ती कुठल्या साइटवर जाते त्याची नोंद बाहेर पाठवत राहिलं. कोपऱ्यातल्या सूचना दुसऱ्याच एका साइटच्या. जुन्या प्रश्नपत्रिका शोधताना 'मी रोबोट नाही हे सांगण्यासाठी अलाऊ दाबा' असं आलं होतं. तिनं दाबलं. तुम्ही-आम्हीही दाबलं असतं.

हा प्रसंग मी तिच्या आणि चाचींच्या परवानगीनं लिहितोय. आपल्याकडे स्पायवेअरची चर्चा नेहमी चुकीच्या टोकाकडून सुरू होते, असं माझं मत आहे. 2021 च्या जुलैमध्ये पेगाससच्या बातम्या आल्या तेव्हापासून आमच्या चहाच्या टपरीवर प्रत्येकाला वाटतं की आपला फोन ऐकला जातोय. पेगासस खरं आहे, गंभीर आहे आणि त्याबद्दल सरकारला प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण ते महागडं हत्यार आहे, निवडक माणसांवर चालतं. टपरीवर तावातावानं त्यावर बोलणाऱ्या एका मित्राचा लॅपटॉप मी पाहिला. ब्राउझरमध्ये चौदा एक्स्टेन्शन्स. त्यातली नऊ कशासाठी घेतली ते त्याला आठवत नव्हतं. मोठ्या हेराच्या भीतीनं माणूस हात जोडून बसतो, 'आपण काय करणार' म्हणतो. छोट्या हेराला आपण स्वतः दार उघडून आत घेतलेलं असतं आणि त्याला बाहेरही आपणच काढू शकतो.

एक्स्टेन्शन घेताना एक छोटी खिडकी येते. त्यात लिहिलेलं असतं की हे एक्स्टेन्शन तुमचा सगळ्या वेबसाइट्सवरचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकतं. हे वाक्य अक्षरशः खरं असतं. बँकेच्या पत्त्यापुढचं कुलूप म्हणजे तुमचा कॉम्प्युटर आणि बँक यांच्यामधला रस्ता सुरक्षित आहे. पण एक्स्टेन्शन रस्त्यावर उभं नसतं, ते तुमच्या खोलीत, तुमच्या खांद्यामागे उभं असतं. पान उघडल्यावर तुम्हाला जे दिसतं ते त्याला दिसतं. तुम्ही पासवर्ड टाइप करता तेव्हा ती अक्षरंही ते वाचू शकतं. काही एक्स्टेन्शन्सना ही परवानगी लागतेच. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन पान वाचल्याशिवाय जाहिरात ओळखणार कसं? म्हणून परवानगी मागितली की चोर, असं नाही. प्रश्न असा की काम किती आणि चावी केवढी. पीडीएफ लहान करणाऱ्याला तुमच्या बँकेचं पान कशाला वाचायचंय?

"पण भाई, मी तर गूगलच्याच दुकानातून घेतलं," हे मी दहा वेळा ऐकलंय. 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक एक्स्टेन्शन होतं. न वापरलेल्या टॅब झोपवून कॉम्प्युटर हलका ठेवायचं. उपयोगी, फुकट, 20 लाखांहून जास्त लोक वापरत होते. 2020 मध्ये मूळ निर्मात्यानं ते एका अनोळखी खरेदीदाराला विकलं. वापरणाऱ्यांना कोण विचारतो! नव्या मालकानं त्यात बाहेरून कोड आणून चालवण्याची सोय घातली आणि 2021 च्या फेब्रुवारीत गूगलनं ते मालवेअर ठरवून दुकानातून काढलं, लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं. म्हणजे घेतलं तेव्हा ते चांगलंच होतं. वापरणाऱ्याची चूक काय? फक्त एवढीच, की एकदा दिलेली चावी त्यानं पुन्हा कधी मोजली नाही.

त्याआधी, 2019 च्या जुलैमध्ये, सॅम जदाली या संशोधकानं 'डेटास्पाय' नावानं एक प्रकरण उघड केलं. क्रोम आणि फायरफॉक्सची आठ एक्स्टेन्शन्स, 41 लाखांपर्यंत वापरकर्ते. लोकांनी उघडलेल्या पानांचे पत्ते गोळा होत होते आणि एका सेवेमार्फत पैसे मोजणाऱ्याला मिळत होते. नुसत्या पत्त्यांनी काय होतं, असं वाटेल. पण 'ज्याच्याकडे लिंक त्याला फाइल' अशा पद्धतीनं ठेवलेले कागद त्या पत्त्यांवरून थेट उघडत होते. त्यात कर विवरणपत्रं निघाली, रुग्णांची माहिती निघाली. आपण गूगल ड्राइव्हवर आधार आणि उत्पन्नाचा दाखला टाकून लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तेच.

आणि 2024 च्या नाताळात तर सायबरहेवन या डेटा-सुरक्षेच्याच कंपनीचं एक्स्टेन्शन चोरांच्या हाती गेलं. गूगलकडून आल्यासारखा दिसणारा एक ईमेल, एका कर्मचाऱ्यानं दिलेली एक परवानगी आणि सुमारे 4 लाख लोकांकडे बिघडवलेली आवृत्ती आपोआप पोहोचली. पाठोपाठ कळलं की तीसहून जास्त एक्स्टेन्शन्स अशीच पळवली गेली होती. त्यात चोरांना हव्या होत्या कुकीज. तुम्ही एकदा लॉगिन केलंत की साइट एक खूण ब्राउझरमध्ये ठेवते, म्हणून पुन्हा पुन्हा पासवर्ड विचारत नाही. ती खूण चोरली की पासवर्ड नको, ओटीपी नको. हे लक्षात ठेवा, पुढे साफसफाईत कामाला येईल.

आता उपाय. पहिला उपाय म्हणून जो तो अँटिव्हायरस शोधतो. मीही शोधला होता, काही वर्षांपूर्वी. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 1200 धोके' असं दाखवणारं एक फुकट क्लीनर उतरवलं, त्यानं धोके काढायला पैसे मागितले आणि स्वतःचं एक टूलबार माझ्या ब्राउझरमध्ये बसवून टाकलं. चोर पकडायला चोरच बोलावला होता मी. नावाजलेल्या कंपन्यांचंही सगळं सरळ नसतं. अवास्ट हा अँटिव्हायरस कोट्यवधी लोक वापरतात. त्याच्या ब्राउझर एक्स्टेन्शननं आणि सॉफ्टवेअरनं जमवलेला लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास जंपशॉट या उपकंपनीतून विकला जात होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2024 मध्ये त्यांना 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. अँटिव्हायरस ठेवूच नका असं मी म्हणत नाही. विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो, तो चालू ठेवा, पूर्ण स्कॅन करा. पण तुम्ही स्वतः परवानगी दिलेलं एक्स्टेन्शन त्याला चोर वाटेलच याचा भरवसा नाही.

त्या संध्याकाळी मी काय केलं ते सांगतो. मुलीला शेजारी बसवलं आणि माऊस तिच्याच हातात दिला. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत एक्स्टेन्शन्सची यादी असते. फायरफॉक्समध्ये तिला अ‍ॅड-ऑन्स म्हणतात. एकेका नावावर बोट ठेवून प्रश्न एकच: हे तू घेतलंस का, आणि आज लागतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' नसेल तर 'रिमूव्ह'. नुसतं बंद करून ठेवायचं नाही, काढायचं. उरलेल्यांच्या 'डीटेल्स'मध्ये जाऊन परवानगी कमी करता येते: सगळ्या साइट्सऐवजी फक्त अमुक साइटवर, किंवा मी क्लिक केल्यावरच. मग सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन कोणतं आहे, ब्राउझर उघडताच कोणतं पान येतं, ते पाहिलं. दोन्ही ठिकाणी अनोळखी पत्ते. बदलले. मग साइट सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्स, जिथून तो खरा घरातला गोंधळ झाला होता. परवानगी असलेल्या साइट्सची यादी तिथं दिसते. सगळ्या काढून टाकल्या आणि साइट्सनी यापुढे विचारूच नये, असं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्स्टेन्शन परत हजर. चाचांच्या चेहऱ्यावर 'बघितलंस?' असं स्पष्ट दिसत होतं. इथंच बरेच जण हात टेकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. काढलेलं परत येतं तेव्हा बहुधा त्याला परत आणणारं काहीतरी ब्राउझरच्या बाहेर बसलेलं असतं. क्रोमच्या मेनूत तळाशी 'तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून मॅनेज केला जातो' अशा अर्थाची ओळ होती. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर ती असू शकते, काही अँटिव्हायरसमुळेही येते. पण घरच्या लॅपटॉपवर अशी ओळ का दिसावी? म्हणजे कुणीतरी 'संस्था' बनून नियम लावला होता. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या अ‍ॅप्सची यादी तारखेनं लावली, तेव्हा धाकट्या भावानं क्रिकेटचे व्हिडिओ उतरवायला घेतलेला एक प्रोग्राम निघाला. तो काढला. मग क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत पॉलिसीचं पान उघडून नियम उरलाय का ते पाहिलं. उरला असेल तर तो रजिस्ट्रीतून काढावा लागतो. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या. आणि कुणी जाणकार नसेल तर फाइल्स पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज रीसेट करा, त्यात काही कमीपणा नाही. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या चिन्हाची प्रॉपर्टीज उघडून 'टार्गेट'च्या रकान्यात शेवटी एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलाय का, तेही पाहा. विंडोजमध्ये प्रॉक्सी आपोआप चालू झालाय का, तेही.

यानंतर क्रोमचं 'रीसेट सेटिंग्ज'. त्यानं एक्स्टेन्शन्स बंद होतात, कुकीज जातात; बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. पूर्वी विंडोजच्या क्रोममध्येच एक सफाईचं साधन होतं, गूगलनं ते 2023 मध्ये काढून टाकलं. जुने व्हिडिओ पाहून ते शोधत बसू नका.

पासवर्ड बदलायचे ते सगळ्यात शेवटी. घाबरलेला माणूस आधी पासवर्ड बदलतो आणि नवा पासवर्डही हेराच्याच समोर टाइप करतो. आधी सफाई, मग पासवर्ड, तोही आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांची चावी तिथंच असते. आणि 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करायला विसरू नका. ती चोरलेली कुकी आठवते ना? नुसता पासवर्ड बदलून ती मरेलच असं नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा. लाज वाटते म्हणून चार दिवस गप्प बसणारे मी पाहिलेत, त्या चार दिवसांत पैसे हातचे जातात.

मोबाईलवाल्यांसाठी थोडक्यात. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स बसत नाहीत, तिथला त्रास बहुधा नोटिफिकेशन्सचा किंवा एखाद्या अ‍ॅपचा. फायरफॉक्समध्ये मात्र मोबाईलवरही बसतात.

"माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?" हे वाक्य आपल्या मुलांच्या तोंडी फार असतं. जणू पाळत फक्त गुन्हेगारावर ठेवतात. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये मदरबोर्डनं बातमी दिली होती की मुस्लिम प्रो या अ‍ॅपमधून लोकांच्या ठिकाणांची माहिती एक्स-मोड नावाच्या कंपनीकडे जाते, आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार आहेत. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप, 9 कोटी 80 लाखांहून जास्त डाउनलोड्स. बातमीनंतर अ‍ॅपवाल्यांनी तो संबंध तोडला. त्या कोट्यवधी लोकांकडे लपवण्यासारखं काय होतं? ते फक्त फजरची वेळ बघत होते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलं, ते या लोकांसाठीही आहे.

शिवाय तुमच्या ब्राउझरमध्ये फक्त तुमचं नसतं. हा मुद्दा मला आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना विशेष सांगायचाय. दरवर्षी आपण शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची शिबिरं घेतो. 2025 मध्ये उमीद पोर्टलवर वक्फच्या मालमत्तांची नोंद करायला कितीतरी तरुण आपापले लॅपटॉप घेऊन मशिदीच्या हॉलमध्ये बसले होते. सेवेच्या भावनेनं, एक पैसा न घेता. पण त्या एका लॅपटॉपच्या ब्राउझरमधून कुणाचं आधार गेलं, कुणाच्या विधवा अम्मीचं पासबुक गेलं, कुणाच्या जमिनीचा उतारा गेला. त्याच ब्राउझरमध्ये मॅच फुकट पाहायचं एक्स्टेन्शन असेल तर? शे-दीडशे घरांचे कागद एका पोराच्या बेफिकिरीवर टांगलेले. त्या लोकांनी तुमच्यावर भरवसा ठेवलाय, एक्स्टेन्शनवाल्यावर नाही. शिबिरासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइल उघडा, त्यात एकही एक्स्टेन्शन नको. 'पासवर्ड सेव्ह करू का' विचारलं की नाही म्हणा. काम झालं की डाउनलोड्समधल्या फाइल्स मिटवा आणि रिसायकल बिन रिकामा करा. फोटो नि पीडीएफ लहान करायला एक्स्टेन्शन लागत नाही. फोटो विंडोजच्या पेंटमध्येही लहान होतो आणि पीडीएफ स्कॅन करतानाच कमी रिझोल्युशनवर घेता येते. आमच्या अभ्यासिकेच्या तीन कॉम्प्युटरवर आता मुलं गेस्ट विंडोतच काम करतात. ती बंद केली की लॉगिन आणि हिस्टरी पुसली जाते. अभ्यासिका सांभाळणाऱ्या आपांनी पहिल्या आठवड्यात एका मशीनच्या ब्राउझरमध्ये सव्वीस जणांचे पासवर्ड साठवलेले पाहिले. त्यात त्यांचा स्वतःचाही होता.

आणि घरातल्या मोठ्यांशी बोला. हे मला सगळ्यात अवघड वाटतं. कॉम्प्युटरवर काही विचित्र दिसलं की आपल्या घरांत पहिला प्रश्न 'हे कसं झालं' असा नसतो, 'कुणी केलं' असा असतो, आणि बोट बहुतेक वेळा मुलीकडे जातं. मुलाच्या लॅपटॉपवर तेच दिसलं तर 'व्हायरस आला असेल' म्हणून दुकानात नेतात. एका खोडसाळ एक्स्टेन्शननं एका मुलीचं वर्ष जाता जाता राहिलं. अशी किती कपाटं अजून बंद असतील? ज्याला तांत्रिक गोष्ट समजते त्यानं ती नुसती दुरुस्त करून उठून जाऊ नये. बापाला समोर बसवून, यादी दाखवून, हे कसं घुसलं ते सांगावं. त्याला दहा मिनिटं जास्त लागतात.

चाचांना मी तसं बसवलं. ते ऐकत होते, पण पटत नव्हतं. "पण तिनं काहीतरी बघितल्याशिवाय असलं येईलच कसं?" मी म्हटलं, "चाचा, तुमचा मोबाईल द्या." क्रोमच्या सेटिंगमधली नोटिफिकेशन्सची यादी उघडली. एकवीस साइट्सना परवानगी दिलेली होती. सोन्याचा भाव, क्रिकेटचा स्कोअर, रेल्वेची वेळ आणि तीन अशा, की ज्यांची नावं मी मोठ्यानं वाचली नाहीत. "हे रोज येतं," चाचा म्हणाले, "मी बोटानं सरकवून टाकतो. वाटलं, फोनची कंपनीच पाठवते." मग बराच वेळ ते स्क्रीनकडे बघत राहिले. शेवटी मोबाईल मुलीपुढे धरला आणि म्हणाले, "तूच काढ."